मानेचं डॉप्लर करायचंय? आधी चिठ्ठीवर कारण लिहून घ्या

नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डाव्या हातातून चहाचा कप सुटला तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ पक्की आठवते, कारण मी ठाणे स्टेशनची टीएमटी बस गाठायच्या घाईत होते. कप स्टीलचा, त्यामुळे फुटला नाही. नानांनी हात झटकला, मूठ वळायला बघितली, वळेना. "मुंग्या आल्यात," म्हणाले. दहा मिनिटांत हात पूर्ववत झाला, त्यांनी त्याच हातानं दुसरा कप घेतला आणि मी बस पकडली. संध्याकाळी जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथे "हातावर झोपला असाल" एवढं निदान झालं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळाल्या.

आमची आजी पक्षाघाताला "अंगावरून वारं गेलं" म्हणायची. नानांच्या अंगावरून वारं आलं आणि परत फिरलं होतं. डॉक्टरी भाषेत त्याला टीआयए म्हणतात: मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो आणि पुन्हा सुरू होतो. आम्ही तो प्रसंग नऊ दिवस तसाच अंगावर काढला. नवव्या दिवशी आमचे नेहमीचे डॉक्टर गावाहून परतले, त्यांनी सगळं ऐकलं आणि त्याच दुपारी एमआरआय आणि मानेचं डॉप्लर, म्हणजे मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, करायला पाठवलं. तेव्हापासून ओळखीपाळखीत "डॉप्लर कुठे करायचं, कसं असतं, रिपोर्टात काय बघायचं" असे फोन मला येतात. फोनवर जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

तपासणी कशाची असते

मानेच्या दोन्ही बाजूंनी एकेक मोठी रक्तवाहिनी वर जाते, तिचं नाव कॅरोटिड. आपण बोलताना सगळ्यांनाच "शिरा" म्हणतो, पण ही धमनी आहे, हृदयाकडून शुद्ध रक्त नेणारी. साधारण कंठमण्याच्या पातळीवर तिला दोन फाटे फुटतात. आतला फाटा मेंदूला आणि डोळ्याला रक्त पुरवतो, बाहेरचा चेहऱ्याला आणि टाळूला. चरबी आणि चुन्याचा थर साचतो तो बहुतेक या फाट्यापाशीच, कारण तिथे रक्ताच्या प्रवाहात भोवरे तयार होतात. या थराला प्लाक म्हणतात. त्यावरची गुठळी किंवा तुकडा सुटून वर गेला की मेंदूचा तेवढा भाग उपाशी राहतो. मेंदूची उजवी बाजू डावं अंग चालवते, म्हणून नानांचा डावा हात लुळा पडला तेव्हा संशय उजव्या कॅरोटिडवर होता. डोळ्याचं मात्र तसं नसतं. डाव्या डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखा अंधार येऊन गेला, तर डावीच कॅरोटिड बघायची.

डॉप्लर ही सोनोग्राफीच असते. धमनीचं चित्र दिसतं आणि आतल्या रक्ताचा वेगही मोजला जातो. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, रंगद्रव्य टोचणं नाही.

पहिली पायरी: तुम्ही कोणत्या रांगेत आहात ते ठरवा

लोक ही पायरी गाळतात आणि थेट भाव विचारायला लागतात.

तोंड वाकडं झालं, एका बाजूच्या हातापायातली ताकद गेली, शब्द अडखळले किंवा भलतेच यायला लागले, एका डोळ्यापुढे अंधार आला, तर डॉप्लरची अपॉइंटमेंट घेत बसू नका. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरीही नाही. टीआयएनंतर खऱ्या झटक्याचा, म्हणजे पक्षाघाताचा, धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. १०८ लावा किंवा रिक्षा पकडा, पण ज्या रुग्णालयात सीटी स्कॅन चोवीस तास चालतो तिथेच जा. आपल्या भागात असं रुग्णालय कोणतं, हे आजच फोन करून विचारून ठेवा. रात्री दोन वाजता घोडबंदर रोडवर एकेक फाटक वाजवत फिरण्यात अर्थ नाही. लक्षणं टिकून असतील तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून त्रास कधी सुरू झाला ती वेळ कागदावर लिहून न्या. आणि घरात पडलेली ॲस्पिरिन आपल्या मनानं देऊ नका. मेंदूत रक्तस्राव झालेला नाही हे सीटीनं दिसल्याशिवाय ती गोळी घातक ठरू शकते.

दुसरी रांग डॉक्टरांनी पाठवलेल्यांची. आधी टीआयए किंवा झटका येऊन गेलेला, मान स्टेथोस्कोपनं ऐकताना सूं-सूं असा आवाज आलेला, कधीकधी हृदयाच्या बायपासआधीची तयारी. हा लेख मुख्यतः यांच्यासाठी आहे.

तिसरी रांग पॅकेजवाल्यांची, आणि हिच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण माझा नवरा त्या रांगेत उभा राहिला होता. नानांचं प्रकरण ताजं होतं, तेवढ्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "स्ट्रोकचा धोका ओळखा" असं सवलतीचं कूपन आलं. गर्भलिंग निदान रोखण्यासाठी १९९४ साली आलेल्या कायद्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र नोंदणीच्या जागेवरून उचलून सोसायटीच्या हॉलमध्ये सहजासहजी आणता येत नाही, त्यामुळे शिबिराऐवजी कूपन. नवरा ४७ वर्षांचा, कसलाही त्रास नाही. रिपोर्टात लिहून आलं: भिंत किंचित जाड, एक छोटा प्लाक, लक्षणीय अरुंदपणा नाही. पुढचे दोन महिने हा माणूस आंघोळीनंतर आरशात बघून मान चाचपायचा. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब १५६/९८. खरी बातमी ती होती, आणि रक्तदाबाचं यंत्र आमच्या कपाटात दिवाळीपासून खोक्यातच होतं.

काहीही लक्षण नसलेल्या सर्वसाधारण प्रौढांनी ही चाचणी करू नये, असं अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनं २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२१ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. "तपासून घेतलं तर बिघडतं कुठे?" हा प्रश्न मलाही पडला होता. हिशेब करून बघितला. लक्षणं नसलेले १००० लोक घ्या. त्यांच्यातल्या फार तर १० जणांची धमनी खरोखर ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असते. चांगल्या हातातलं डॉप्लर शंभरातले ९० खरे रुग्ण पकडतं आणि शंभर निरोगी माणसांतल्या ९४ जणांना बरोबर सोडतं. म्हणजे १० पैकी ९ सापडले. पण उरलेल्या ९९० मधल्या साठेक जणांनाही "तुमची धमनी बंद होत आलीय" असं उगाच ऐकावं लागलं. मग सीटी अँजिओग्राफी (रंगद्रव्य टोचून धमन्यांचा सीटी), मग शस्त्रक्रियेची चर्चा, आणि त्या शस्त्रक्रियेत झटका येण्याचा थोडा धोका असतोच.

तेव्हा कूपन हाती आलं तर आधी रक्तदाब, साखर, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि एक ईसीजी करून घ्या. ठोके अनियमित पडत असतील तर हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, आणि मानेचं डॉप्लर त्याबद्दल अवाक्षर बोलत नाही. तंबाखू किंवा सिगारेट चालू असेल तर ती सोडायला पॅकेज लागत नाही.

चिठ्ठी

डॉक्टर घाईत "कॅरोटिड डॉप्लर" एवढंच लिहितात. तेवढ्यावर निघू नका. काय झालं, कोणत्या बाजूला, किती वेळ आणि कधी, हे एका ओळीत लिहून मागा. नानांच्या चिठ्ठीवर "डावा हात १० मिनिटं अशक्त, ९ दिवसांपूर्वी" असं होतं. ते वाचून डॉप्लर करणाऱ्या मॅडमनी उजव्या बाजूला दुप्पट वेळ दिला. "दोन्ही बाजू, व्हर्टिब्रलसह" हेही लिहून घ्या. व्हर्टिब्रल म्हणजे मानेच्या मणक्यांतून मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणाऱ्या दोन धमन्या.

केंद्र निवडताना

नौपाड्यात गोखले रोड, राम मारुती रोडच्या आसपास सोनोग्राफीच्या पाट्या कमी नाहीत, आणि सगळीकडे "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" हा फलक दिसेल. पण पाटी असली म्हणून मानेचं डॉप्लर रोज होत असेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी पोटाची आणि गरोदरपणाची सोनोग्राफी मुख्य असते, डॉप्लरचे डॉक्टर ठराविक दिवशी संध्याकाळी येतात. फोनवर विचारा: "मानेचं डॉप्लर कोणते डॉक्टर करतात, कधी बसतात आणि त्यांच्याकडे असे पेशंट नेहमी येतात का?" ही चाचणी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. यंत्राच्या ध्वनिलहरींचा रक्तप्रवाहाच्या रेषेशी धरलेला कोन ६० अंशांच्या वर गेला की वेगाचा आकडा भरकटतो. भावात एका गल्लीपासून दुसऱ्या गल्लीत बराच फरक पडतो. विचारताना "दोन्ही बाजूंचे मिळून ना?" एवढं स्पष्ट करून घ्या. खिशाला ताण असेल तर कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. केसपेपर काढून मेडिसिनच्या ओपीडीतून सुरुवात करा आणि सकाळी लवकर जा.

त्या दिवशी

पाणी पिऊन जाऊ नका. हे ठळक सांगायचं कारण नाना. दोन वर्षांपूर्वी त्यांची प्रोस्टेटची सोनोग्राफी झाली होती, तेव्हा पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगितलं होतं. या वेळी "सोनोग्राफी" हा शब्द कानावर पडताच त्यांनी आम्हाला न विचारता लिटरभर पाणी पोटात ढकललं. प्रतीक्षा कक्षात पाय आवळून बसले, चेहरा लालबुंद. मी घाबरले, वाटलं पुन्हा काही होतंय. दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, नंबर कधी येणार आपला?" रिसेप्शनवरच्या मुलीनं हसू दाबत बाथरूमचा रस्ता दाखवला.

उपाशी जायचंही कारण नाही. मधुमेह असेल तर जेवूनच जा. रक्तदाबाच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्यायच्या. बंद गळ्याचा सदरा किंवा कॉलरचं टी-शर्ट टाळा, पुढून उघडणारा शर्ट बरा. बायकांनी गळ्यातलं घरीच काढून ठेवलेलं उत्तम. जेलमध्ये माखलेलं मंगळसूत्र पर्समधल्या टिश्यूनं पुसत बसलेल्या एका काकू तिथेच दिसल्या. जुने रिपोर्ट असतील तर सोबत न्या.

टेबलावर

उताणं झोपवतात, खांद्याखाली पातळ उशी देतात, हनुवटी वर आणि तोंड दुसऱ्या बाजूला. स्पाँडिलोसिस असेल किंवा मान वळवताना चक्कर येत असेल तर आधीच सांगा, ते मान कमी वळवून काम भागवतात. जेल गार लागतं. साबणाच्या वडीएवढा प्रोब आधी आडवा धरून मानेच्या तळापासून जबड्यापर्यंत फिरवतात, मग उभा. मधेच "गिळू नका", "बोलू नका" अशा सूचना. दोन्ही बाजूंचे मिळून वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. आपल्याकडे प्रोब डॉक्टरच हातात धरतात, त्यामुळे शंका तिथेच विचारता येते. पण चाचणी संपल्यावर विचारा.

मधूनच फुस्स, फुस्स असा आवाज सुरू होतो, प्रत्येक ठोक्याला एक. नानांच्या डाव्या बाजूचा आवाज भरदार आणि मऊ होता. उजवीकडे फाट्याच्या वर प्रोब गेला आणि तोच आवाज किरटा झाला, शिट्टीसारखा. मॅडम काही बोलल्या नाहीत, पण तीच जागा त्यांनी चार वेळा मोजली.

पडद्यावरच्या लाल-निळ्या रंगांवरून निष्कर्ष काढू नका. माझ्या शेजारणीनं "निम्मं रक्त अशुद्ध दिसलं" म्हणून घरी रडारड केली होती. लाल म्हणजे बहुधा प्रोबच्या दिशेनं येणारं रक्त आणि निळं म्हणजे दूर जाणारं. यंत्रावरचं एक बटण दाबलं की रंगांची अदलाबदल होते.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टात तीन नावं पुन्हा पुन्हा येतात: सीसीए म्हणजे खालची एकसंध धमनी, आयसीए म्हणजे मेंदूकडे जाणारा आतला फाटा, ईसीए म्हणजे बाहेरचा. आपला जीव आयसीएत. तिच्यासमोर पीएसव्ही असं लिहिलेलं असतं: हृदयाच्या ठोक्यासरशी रक्त जास्तीत जास्त किती वेगानं धावलं, सेंटिमीटर प्रति सेकंदात.

घोडबंदर रोड अरुंद झाला की गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. धमनीचं उलटं आहे. तेवढंच रक्त अरुंद जागेतून काढायचं म्हणजे त्याला पळावं लागतं. म्हणून वेग जितका जास्त तितका अडथळा मोठा. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या २००३ च्या सहमतीतले आकडे आजही खूप वापरात आहेत: पीएसव्ही १२५ च्या खाली असेल तर अरुंदपणा ५० टक्क्यांहून कमी, १२५ ते २३० मध्ये ५० ते ६९ टक्के, २३० च्या वर ७० टक्के किंवा जास्त. जोडीला आयसीएच्या वेगाला सीसीएच्या वेगानं भागून गुणोत्तर काढतात. ते ४ च्या वर गेलं तर गंभीर. नानांचं उजवं पीएसव्ही ३१० होतं, गुणोत्तर ४.६.

यात एक खोच आहे. धमनी जवळजवळ पूर्णच बुजली की रक्त ठिबकायला लागतं आणि वेग पुन्हा कमी दिसतो. त्यामुळे नुसता आकडा बघून घरात पेढे वाटू नका, खालचा निष्कर्ष वाचा. प्लाकचं वर्णनही वाचा. मऊ, काळपट दिसणारा प्लाक जास्त तुटण्यातला, असं डॉक्टर मानतात. चुन्यानं टणक झालेल्या प्लाकची सावली पडते आणि तिच्यामागचं काही दिसत नाही, तसं असेल तर रिपोर्टात लिहिलेलं असतं.

आयएमटी हा आकडा भिंतीच्या जाडीचा असतो, मिलिमीटरमध्ये. पॅकेजवाले त्यावरून "तुमच्या धमनीचं वय" वगैरे काढून देतात. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी धोका ठरवण्यासाठी तो सरसकट मोजू नये असं २०१३ मध्येच सांगितलं आहे. त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

रिपोर्ट स्वच्छ आला तरी तो मानेपुरताच. कवटीच्या आतल्या धमन्या या चाचणीत दिसत नाहीत, आणि आपल्याकडच्या लोकांत आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतं. रक्तदाबानं खराब झालेल्या बारीक रक्तवाहिन्याही दिसत नाहीत.

पुढे

५० टक्क्यांच्या खाली असेल तर गोळ्या, रक्तदाब, एलडीएल यांवर लक्ष. प्लाकमुळे झटका किंवा टीआयए येऊन गेलेल्यांचं एलडीएल ७० च्या खाली ठेवायला सांगतात. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं" म्हणून आपल्या मनानं बंद करू नका, ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं.

७० टक्क्यांच्या वर आणि लक्षणंही, अशी जोडी जमली तर घाई करायची. १९९१ च्या नॅसेट अभ्यासात अशा रुग्णांपैकी नुसत्या औषधांवर असलेल्या २६ टक्के जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. ही शस्त्रक्रिया, म्हणजे धमनी उघडून प्लाक खरवडून काढणं, शक्यतो पहिल्या लक्षणापासून दोन आठवड्यांत व्हावी असं सांगतात. आमचे त्यातले नऊ दिवस व्हिटॅमिनच्या गोळ्या खाण्यात गेले होते. सर्जन आधी सीटी अँजिओग्राफीनं खात्री करतात. तिच्या रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट आधी लागतो. तो डॉप्लरच्या दिवशीच रक्त देऊन मिळवलात तर एक खेप वाचते.

७० टक्के, पण लक्षण कधीच नाही, अशांचा निर्णय एका बैठकीत घेऊ नका. १९९५ च्या अकास अभ्यासात पाच वर्षांतला झटक्याचा धोका शस्त्रक्रियेनं ११ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे फायदा वर्षाला जेमतेम एक टक्का. तेव्हापासून औषधंही सुधारली आहेत. न्यूरॉलॉजिस्ट आणि व्हॅस्क्युलर सर्जन, दोघांचं ऐका.

मधेच एक आठवलं. सलूनमध्ये चंपी झाल्यावर मान कटकन मोडून देतात, ते करून घेऊ नका. त्या झटक्यानं धमनीची आतली भिंत फाटल्याची उदाहरणं तरुणांतही आहेत. मान मोडून घेतल्यावर नवीन मानदुखी, डोकेदुखी आणि चक्कर आली तर पहिल्या रांगेत या.

नानांची शस्त्रक्रिया तेराव्या दिवशी झाली. त्यानंतर महिन्यानं, मग सहा महिन्यांनी डॉप्लर केलं, आता वर्षातून एकदा असतं. दर वेळी त्याच केंद्रात आणि शक्यतो त्याच डॉक्टरांकडे, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. रिपोर्टांची फाइल टीव्हीच्या कपाटात आहे, सगळ्यात नवीन कागद वर. परवा नाना चप्पल घालता घालता थांबले आणि मला विचारलं, "आज पाणी प्यायचं की नाही?"